काडीतला घड

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेलेली, मग भाऊ गेला, मग नवरा गेला. पदरी एक लहान मुलगी. कोलकात्याच्या विद्वानांनी दिलेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदं पाठीशी होती. बातमी महाराष्ट्रात पोचली आणि एकच गदारोळ उठला. रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून कोणाला हळहळ वाटली, कोणाला संताप आला, कोणाला आनंद झाला. पण सगळ्यांच्या लेखी गोष्ट तिथे पूर्ण झाली होती.

रमाबाईंच्या लेखी ती पूर्ण झाली नव्हती. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेला नाही.

ही आठ वर्षं रिकामी गेली नव्हती. त्या काळात रमाबाईंनी अमेरिका पालथी घातली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर १८८७ साली गाजलेलं पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली. सेवा चालू होती, अभ्यास चालू होता, प्रार्थनाही चालू होती. तरीही आत काहीतरी अजून घडायचं होतं. विश्वासात वाढणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल, तर बाप्तिस्म्याच्या त्या एका दिवसापेक्षा पुढची ही आठ वर्षं जास्त शिकवतात. म्हणून या प्रकरणात आपण त्या ‘नंतर’बद्दल बोलणार आहोत.

मार्गाचे लोक

येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं, असं प्रेषितांच्या कृत्यांचं पुस्तक सांगतं. त्याआधी त्यांची ओळख वेगळी होती. ते ‘मार्गाचे’ लोक होते. शौल दमास्कसला निघाला तो या ‘मार्गा’चे कोणी सापडले तर त्यांना बांधून आणायला. पुढे तोच पौल झाला आणि त्याच मार्गाने चालू लागला.

मराठी माणसाला हे नाव परकं वाटायला नको. वारी करतो तो वारकरी. इथे ओळखच मुळी पावलांवरून ठरते. रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतःविषयी सांगत की, ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. पूल हा शब्द त्यांनी उगाच निवडला नव्हता. पुलावर कोणी घर बांधत नाही, पुलावरून चालायचं असतं.

शुभवर्तमानांतला ‘शिष्य’ हा शब्दही असाच चालता-बोलता आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिकणारा. गुरूच्या मागे हिंडून, त्याच्याबरोबर जेवून, त्याचं वागणं बघून शिकणारा. पेत्र, योहान, मत्तय यांनी आधी परीक्षा दिली आणि मग ते शिष्य झाले, असं झालं नाही. हाक आली, जाळी ठेवली, जकातीचं नाकं सोडलं, चालायला लागले. समज पुढे वाटेत येत गेली, आणि बराच काळ कमीच पडत राहिली.

आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, हे येशूचं सांगणं मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदवलं आहे. पण लूकच्या नवव्या अध्यायात त्यात एक जास्तीचा शब्द आहे, जो त्या प्रसंगी बाकीच्या दोघांकडे नाही. तो शब्द म्हणजे ‘दररोज’. या एका शब्दाने सगळं बदलतं. वधस्तंभ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हौतात्म्य येतं, आयुष्यात एकदाच येणारी मोठी कसोटी येते. लूकने ती कसोटी सोमवारच्या सकाळी आणून ठेवली. दूध उतू गेलं, लोकल चुकली, सासूबाई काहीतरी लागट बोलल्या, ऑफिसात आपल्या कामाचं श्रेय दुसऱ्याने घेतलं. अशा ठिकाणी ‘मी’ थोडा मागे सारायचा आणि येशू इथे असता तर काय करता, ते करून बघायचं.

खरड छाटणी

येशूने वाढीबद्दल बोलताना बहुतेक वेळा शेतातलं आणि स्वयंपाकघरातलं उदाहरण दिलं. मोहरीचा दाणा, पिठात मिसळलेलं खमीर, शेतकरी झोपला-उठला तरी आपोआप उगवणारं बी. आणि वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री, अगदी शेवटच्या शिकवणीत, द्राक्षवेल. मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात, आणि माळी माझा पिता आहे, असा योहानाच्या पंधराव्या अध्यायाचा आशय आहे.

हा अध्याय मी लहानपणापासून वाचत आलो. तो मला कळला मात्र निफाड तालुक्यात, एप्रिलच्या उन्हात, एका द्राक्षबागेत उभा असताना. माल निघून गेला होता आणि खरड छाटणी चालली होती. मजूर कात्री घेऊन ओळीने पुढे सरकत होते, आणि त्यांच्या मागे उघडेबोडके ओलांडे, म्हणजे वेलाचे आडवे हात, उरत होते. प्रत्येक काडीवर एखादा डोळा राखलेला, बाकी सगळं खाली. पानं, फुटवे, गेल्या मोसमाचा सगळा विस्तार जमिनीवर पडलेला. मला ते बघवेना. बागवाले काका म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षीचा घड या छाटणीनंतरच काडीत तयार होतो.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. येशूच्या देशात थंडीत वेल झोपी जातो, म्हणून तिथे एकदाच छाटतात. आपल्या उष्ण हवेत तो तसा झोपत नाही. खरड छाटणीनंतर नवे फुटवे येतात, त्यांची विरळणी होते, शेंडा मारला जातो, डोळ्यांवर ऊन पडेल अशी मोकळीक ठेवली जाते. साधारण दीड-दोन महिन्यांनी काडीवरच्या त्या बारीक डोळ्यांच्या आत पुढच्या घडाचा आकार धरू लागतो. बाहेरून काही दिसत नाही. फळछाटणीआधी बागायतदार काड्या तपासायला पाठवतात, सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून आत घड आहे का ते बघतात. ऑक्टोबरमध्ये काडी छाटली, डोळा फुटला, की मगच तो घड उजेडात येतो. म्हणजे थंडीत लोक ज्या घडाचं कौतुक करतात, तो मे-जूनच्या काहिलीत, कोणी बघत नसताना तयार झालेला असतो.

तेव्हापासून योहानाचा तो अध्याय मी वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. त्यात दोन गोष्टी फार स्पष्ट आहेत. पहिली ‘राहणं’. चौथ्या ते दहाव्या वचनांत या अर्थाचं ग्रीक क्रियापद दहा वेळा येतं. फाट्याला घड आणायचा हुकूम नाही, वेलाला जोडून राहायचा हुकूम आहे. घड हा त्या राहण्याचा परिणाम. दुसरी गोष्ट छाटणी. छाटण्यासाठी योहानाने वापरलेला शब्द आणि लगेच पुढच्या वचनातला ‘शुद्ध’ हा शब्द मुळात एकाच धातूचे आहेत. माळ्याची कात्री राग म्हणून चालत नाही, ती स्वच्छ करायला चालते. आणि ती फळ देणाऱ्या फाट्यालाच लागते.

रमाबाईंची आठ वर्षं मला आता एप्रिल ते ऑक्टोबरसारखी दिसतात. घड काडीत होता. तो नंतर दिसला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जवळजवळ दोन हजार जण राहत होते.

लक्ष्मीबाईंची घागर

वाढ बहुतेक वेळा कुठे होते? आपल्याला जिथे बोचतं, तिथे. हे सगळ्यात प्रामाणिकपणे मराठीत कोणी लिहिलं असेल, तर ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई टिळकांनी.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं पराकोटीचं. बाहेरून घरात येणारी वस्तूही धुऊन घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अशा घरातून ही मुलगी अकराव्या वर्षी लग्न होऊन नारायण वामन टिळकांच्या घरी आली. टिळक कवी, तापट, दोन्ही हातांनी पैसे वाटणारे, कधी कुठे निघून जातील याचा नेम नाही. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या माणसाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचताना ते त्यात बुडून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं त्यांनी नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने काढली.

नंतर त्या टिळकांकडे परत आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. आपलं सोवळं-ओवळं, आपलं वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक घेऊन आल्या. टिळकांनी सक्ती केली नाही. एका छपराखाली दोन रीती चालू राहिल्या. मग हळूहळू, आजूबाजूला सगळ्या जातींची माणसं वावरताना बघत, स्वतःशीच वाद घालत, त्या एका निष्कर्षाला आल्या की, जात माणसाने केलेली आहे, देवाने नाही. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्याच्या पुढे आला.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. येशूच्या शिकवणीने या बाईच्या आयुष्यात प्रवेश केला तो पाण्याच्या घागरीपाशी. लहानपणापासून अंगवळणी पडलेली, आईवडिलांनी जपायला शिकवलेली, स्वतःची ओळख ज्यात गुंतलेली, अशी तिची सगळ्यात घट्ट गोष्ट जिथे होती, तिथे. आणि तिथून सुटका झाल्यावर मन पुढे धावलं. पुढे लक्ष्मीबाईंनी अनाथ लेकरांना आपलं म्हटलं. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले तेव्हा अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य, जिला धड शाळाही मिळाली नव्हती अशा या बाईने पूर्ण केलं. त्यांच्या कवितासंग्रहाचं नाव ‘भरली घागर’ आहे.

प्रत्येकाची एक घागर असते. कोणाची जात, कोणाचा पैसा, कोणाचा मान, कोणाचा भावकीतला जुना वाद. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांचीही असते. लग्न जमवताना, स्मशानभूमीची जागा ठरवताना, मंडळीतल्या निवडणुकीत ती बरोबर बाहेर येते. आपण गाणी गातो, उपदेश ऐकतो, दशांश देतो आणि घागर मात्र झाकून ठेवतो. वाढ थांबली आहे असं वाटत असेल, तर प्रार्थनेची वेळ वाढवण्याआधी त्या झाकणाला हात घालावा.

दोन शेकोट्या

हात घातला तरी दरवेळी जमतंच असं नाही. म्हणून पेत्राची आठवण ठेवावी.

येशूला पकडलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात चाकरांनी थंडीसाठी कोळशाची शेकोटी पेटवली होती. पेत्र तिथे हात शेकत उभा राहिला आणि मी या माणसाला ओळखत नाही, असं तीन वेळा म्हणाला. पुनरुत्थानानंतर गालील सरोवराच्या काठी, पहाटे, येशूने स्वतः कोळशाची शेकोटी पेटवून त्यावर मासळी ठेवली होती. ‘कोळशांचा विस्तव’ या अर्थाचा तो ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. तोच धूर, तोच वास. आणि त्या शेकोटीपाशी येशूने पेत्राला तीन वेळा एकच विचारलं, तुझी माझ्यावर प्रीती आहे का? आधी न्याहारी दिली, मग प्रश्न विचारला, आणि प्रत्येक उत्तराबरोबर मेंढरं सांभाळायचं काम सोपवलं.

पडलेल्या माणसाला येशू कसा उभा करतो, ते इथे दिसतं. तो चूक नाकारत नाही, त्याच जागी पुन्हा नेतो. पण तिथे त्याने आधीच ऊब आणि अन्न तयार ठेवलेलं असतं. विश्वासात वाढणारा माणूस कधी पडतच नाही, असं नाही. पडल्यावर पेत्रासारखं नावेतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडेच जायचं, हे तो शिकलेला असतो.

रोजची भाकर

मग प्रत्यक्षात काय करायचं? उपाय जुनेच आहेत, आणि साधे आहेत.

*वचन.* मार्कचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे. रोज एक घेतला तर सोळा दिवसांत संपतं. पण संपवायची घाई नको. एका दिवसाला एक प्रसंग पुरतो. वाचावं, त्या गर्दीत स्वतःला उभं करावं, येशू कोणाकडे वळून बघतो ते पाहावं, आणि एकच गोष्ट दिवसभर खिशात घेऊन हिंडावं. गोव्यात १६१६ साली रायतूरला छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ याच भुकेतून जन्माला आलं. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, त्यांना येशूची कथा त्याच गोडीने, मराठी ओवीत ऐकायची होती. विश्वास आपल्या भाषेत मुरला की पाठ होतो, आणि पाठ असलेलं संकटात आठवतं.

*प्रार्थना.* प्रभूच्या प्रार्थनेत ‘मला’ कुठेच नाही, सगळीकडे ‘आम्हांला’ आहे. भाकर मागायची तीही सगळ्यांसाठी, आणि ती आजची. एकटं, दार लावून केलेल्या प्रार्थनेतही शेजारी आत येतो. वसईच्या कितीतरी घरांत संध्याकाळी सगळे मिळून रोझरी म्हणतात. अहिल्यानगर भागात टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर रंगतात. पद्धत कोणतीही असो, घरातल्या मुलांनी आईवडिलांना देवापुढे वाकलेलं बघितलं पाहिजे. ते चित्र कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त टिकतं.

*समेट.* डोंगरावरच्या प्रवचनात येशूने एक फार अडचणीचं काम सांगितलं आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असताना, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा, मग परत यायचं. ऐकणारे गालीलचे होते, वेदी यरुशलेमात, चार दिवसांच्या पायी वाटेवर. तरीही आधी परत जायचं. आपल्याला तर नुसता फोन उचलायचा असतो.

*हात.* वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, त्याला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. याच माणसाने वसईतल्या वाड्या, शेती आणि विहिरींचं पाणी वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ लढवली. शुभवर्तमान समजून सांगणं आणि विहिरीचं पाणी राखणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामं नव्हती. आपल्या गल्लीतही अशी विहीर असते. एखादं आजारी माणूस असतं, शाळा सुटलेलं पोर असतं, रात्रपाळीचा वॉचमन असतो. सुरुवात तिथूनच.

या चारांनी आपण देवाची मर्जी विकत घेत नाही. ती आधीच मिळालेली आहे. या चार गोष्टी म्हणजे फाट्याने वेलाला जोडून राहण्याच्या चार जागा आहेत. पौलाने गलतीकरांना लिहिताना प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण मोजले, पण त्यांना ‘फळं’ म्हटलं नाही, एकवचनी ‘फळ’ म्हटलं. नऊ गुणांची यादी करून एकेकावर खूण करत जायचं नाही. एकच जीवन आतून वाहत असतं, आणि त्याचे नऊ रंग दिसतात.

उलटे खिळे

केडगावात रमाबाईंनी उतारवयाकडे झुकताना एक काम अंगावर घेतलं. साध्या, अडाणी बाईलाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणायचं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षं भाषांतर चाललं. मुक्तीचा स्वतःचा छापखाना होता, आणि तिथे अक्षरांचे खिळे जुळवायला होत्या मुक्तीतल्याच स्त्रिया. ज्यांना आयुष्याने नकोशा म्हणून बाजूला टाकलं होतं, त्यांच्या बोटांतून एकेक अक्षर करत पवित्र शास्त्र उभं राहत होतं.

जुन्या छापखान्यात काम केलेल्यांना ठाऊक आहे की, खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. जुळवणारी बाई दिवसभर उलट्या अक्षरांकडे बघत बसते. एक ओळ, मग दुसरी ओळ, चुकलेला खिळा चिमट्याने काढून दुसरा बसवायचा. सुलटं काय झालं ते शाई लागून कागद दाबला गेल्यावरच दिसतं.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्याआधी वर्षभराच्या आतच त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली होती. बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. बांधलेली प्रत त्यांच्या हातात आली नाही. पण बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी ज्या बाईला आपल्यात काय कमी आहे ते उमगलं होतं, तिने उरलेली वर्षं रोज सकाळी उठून एकेक खिळा बसवण्यात घालवली. तुमचा-माझा आजचा खिळा बहुधा उलटाच दिसेल. तो नीट बसवून ठेवू या.